कोरड्या हातांच्या कवसाबाई

ती बादली मी आणली होती.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही, ज्यांच्यासोबत पुढं नोकरीची सगळी वर्षं काढली त्या मित्रांनाही नाही. शाळेमागच्या बोअरवर बादली भरली आणि सोसायटीच्या शिवणशेडमध्ये नेऊन ठेवली, एवढंच मी केलं. पण त्या बादलीपायी कवसाबाईंचं अध्यक्षपद गेलं आणि ते जाताना मी शेजारी उभा होतो. माझ्याविषयी सध्या एवढं पुरे. सांगायचंय ते कवसाबाईंविषयी.

आमचं गाव गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या जरा पलीकडं. पावसानं पाठ फिरवण्याचं ते लागोपाठ दुसरं वर्ष होतं. विहिरींचे तळ दिसत होते, गोडं पाणी टँकरनं यायचं, आणि शाळेमागची एक बोअर तेवढी चालू होती. तिचं पाणी इतकं खारं की घागरीला आतून पांढरा थर धरायचा. अशा गावात बायकांची एक शिवण सहकारी सोसायटी होती. पत्र्याची शेड, सरकारी योजनेतली शिलाई मशीनं, आणि मी तिचा सचिव. गावात बी. कॉम. झालेला आणि अजून गावातच असलेला मी एकटाच, म्हणून माझी नेमणूक झाली, तीही तात्पुरती.

कवसाबाई अध्यक्ष होत्या. पाळण्यातलं नाव कौसल्या, पण ते मतदार यादीपुरतं. उंच, रुंद हाडाच्या, काळ्यासावळ्या. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधून तो कानामागं अडकवलेला. पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज असा की मशीनं चालू असतानाही शेवटच्या कोपऱ्यातल्या बाईला आपलं नाव ऐकू यायचं. त्या बौद्धवाड्यातल्या. जयंतीच्या पताका शिवता शिवता मशीन शिकल्या, असं त्या स्वतः सांगायच्या, आणि सांगताना मान जरा जास्तच वर व्हायची. नम्रपणा हा गुण त्यांच्यात नव्हता. "गावात माझ्यासारखी शिलाई कोणाची हाय?" असं त्या विचारायच्या आणि उत्तराची वाट बघत थांबायच्या.

सोसायटी शाळेचे गणवेश शिवायची. दुष्काळात तेही काम आटलं. अशात एका दुपारी शहरातून एक साहेब जीप घेऊन आले. त्यांची कंपनी परदेशात सजावटीचं सामान पाठवायची. त्यांनी पिशवीतून आधी एक रंगीत फोटो काढला, आणि मग लहान लेकराला उचलावं तसा पट्टीला फुलासारखी गाठ मारून केलेला कापडाचा एक लालभडक बो. फोटोत एक बंद दार होतं. दारावर हिरव्या डहाळ्यांचं गोल कडं टांगलेलं आणि कड्याच्या खालच्या अंगाला हाच बो.

फोटो हातोहात फिरला तशी शेड गप्प होत गेली. असलं गोल कडं सगळ्यांनी पाहिलेलं होतं, पण पेपरात, पुढारी वारल्यावर.

"कोण वारलं ह्यांच्यात?" कवसाबाईंनी विचारलं.

"छे छे! सणाचं आहे हे," साहेब म्हणाले. "तिकडं सणाला घराच्या दारावर लावतात."

"सणाला? दारात?"

"हो."

"मावशी," रुक्मिण नावाची एक चुरचुरीत पोरगी होती, ती म्हणाली, "मला तर ही चुंबळ दिसतीय. डोक्यावरची काढून दाराला टांगली जणू."

शेड हसली. साहेबही हसले, पण त्यांना चुंबळ म्हणजे काय ते कळलं नसावं. कवसाबाई हसल्या नाहीत. फोटो डोळ्याजवळ नेऊन म्हणाल्या, "मंजे तोरणच की हे. गोल तोरण."

"हां, तोरण म्हणा."

"मग हरकत न्हाई. मेलेल्याचं असतं तर आमी शिवलं नसतं." आणि साहेबांच्या हातातला बो घेऊन त्यांनी दातानं त्याचा मधला टाका तोडला.

साहेब ओरडलेच. "अहो बाई, एकच नमुना आहे माझ्याकडं!"

"उसवल्याबिगर कळंल कसं?"

बघता बघता त्या बोच्या पट्ट्या होऊन जमिनीवर पडल्या. पट्टीच्या दोन्ही कडांना बारीक दुमड, आणि दुमडीतून निघाली तार. लोखंडाची, केसाहून थोडी जाड, वर चकाकता मुलामा. त्या तारेमुळंच कापड हवेत ताठ राहत होतं. कवसाबाईंनी तार बोटाला गुंडाळून पाहिली, सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाल्या, "कळलं," आणि बो परत बांधायला बसल्या.

तो त्यांना बांधता येईना.

पाकळ्या एका बाजूला लवायच्या. मधली गाठ आवळली की सगळं मेलेल्या पाखरासारखं पडायचं. साहेब घड्याळ बघत होते. हातची ऑर्डर जाणार हे दिसत होतं. दुसरं कुणी असतं तर तारेला नावं ठेवली असती, कापडाला ठेवली असती. कवसाबाईंनी तो गोळा उचलून साहेबांच्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आज येत न्हाई. उद्या येईल. मुक्काम करा."

आणि साहेबांनी मुक्काम केला! ह्याचं मला आजही नवल वाटतं. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे इतक्या ताठ मानेनं सांगणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बो उभा राहिला. साहेबांच्या नमुन्याहून जरा वेगळा, पण उभा. नऊवारीच्या निऱ्या घालतात तशी पट्टी चिमटीत धरून मगच गाठ मारायची, ही युक्ती त्यांना स्वतःच्या आईच्या नेसण्यावरून सुचली होती. साहेबांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि ऑर्डर दिली.

काम दिसायला सोपं, करायला नाजूक. पट्टीची कड दुमडायची, दुमडीत तार ठेवायची, आणि सुई तारेला लागू न देता तारेच्या अगदी कडेनं टीप मारायची. सुई तारेवर पडली की टण्णकन तुटून उडायची. कवसाबाई डाव्या तर्जनीच्या नखानं तार दाबून धरायच्या. त्या नखाला पुढं कायमची खाच पडली. "ही बघ माझी पदवी," असं म्हणून त्या ते नख नव्या मुलींना दाखवायच्या, आणि मग माझ्याकडं बघून, "भाऊ, तुमची कागदाची. माझी हाडाची," अशी एक कोपरखळी ठरलेली.

तयार बो तपासायची त्यांची रीत पाहून साहेब पहिल्यांदा खुर्चीतून उठले होते. त्या बो घ्यायच्या, मांडीखाली घालायच्या आणि त्यावर चक्क बसायच्या. बसून चहा प्यायच्या, कुणाला तरी रागवायच्या, मग तो चेंगरलेला बो काढून बोटांनी फुलवायच्या. फुलला तर पास.

"बाई, हे काय चाललंय!"

"साहेब, तुमी ह्याला पेटीत घालणार. पेटीवर पेटी रचणार. जहाजात नेणार. तिथं काय ह्याला गादीवर निजिवणार हाव का?" मग स्वतःच्या आडव्या अंगावर हात फिरवून, "माझ्याखालून उठला तो कुठूनबी उठंल."

ह्यावर सगळ्या बायकांबरोबर त्याही हसल्या. स्वतःवरचा विनोद त्या कधी दुसऱ्याला करू द्यायच्या नाहीत, आधी स्वतःच करून टाकायच्या.

एकदा मी विचारलं होतं, "मावशी, एक बो तुमच्या दारावर लावून बघा की."

"दार कुठंय भाऊ? पडदाच हाय. पडद्याला लावला तर पडदा पडंल."

पहिल्या आठवड्यातच एका बोच्या कडेला तपकिरी ठिपका दिसला. कुणीतरी पाणी पिऊन ओल्या हातानं तार धरली होती. तारेचा मुलामा पातळ, थेंबभर पाण्यानंही गंज धरायचा. कवसाबाई तो ठिपका दिवसभर घेऊन हिंडल्या. संध्याकाळी हुकूम सुटला, "तारेला पाणी न्हाई." पाण्याचा माठ शेडबाहेर लिंबाखाली गेला. प्रत्येकीच्या कमरेला एक कोरडं फडकं आलं. आणि रोज सकाळी कवसाबाई दारात उभ्या राहू लागल्या. "दाव." बाईनं दोन्ही तळवे पुढं करायचे. त्या बोटं फिरवून बघायच्या. कोरडे असले तरच आत. दुपारी पाणी पिऊन आलं की परत, "दाव." चैत-वैशाखात ती पत्र्याची शेड भट्टी व्हायची, तरी आत थेंब नाही. त्या स्वतः सकाळी आत शिरल्या की संध्याकाळपर्यंत तोंडावर पाणी मारायच्या नाहीत. कानशिलावरून घाम ओघळायचा, मिठाची रेघ उमटायची, आणि हात मात्र कोरडे ठणठणीत.

ह्या दारातल्या तपासणीतून कुणी सुटलं नाही. एकदा तालुक्यातले एक पुढारी सोसायटी बघायला आले. सोबत पाचपन्नास माणसं, हार, फोटोवाला. पुढाऱ्यांच्या हातात थंड पाण्याची बाटली, तिच्यावरून थेंब गळताहेत. कवसाबाई दारात आडव्या.

"बाटली भाईर. हात दावा."

सोबतचा एकजण पुढं आला. "ओ बाई, कोण आहेत हे, माहीत आहे का?"

"म्हाईत हाय. म्हणून दावा म्हणलं. दुसरा असता तर हाकलला असता."

मला वाटलं, आता संपलं. पुढाऱ्यांनी बाटली शेजारच्याकडं दिली, कडक इस्त्रीच्या सदऱ्याला दोन्ही हात पुसले आणि शाळेतल्या पोरासारखे तळवे पुढं केले. कवसाबाईंनी चष्मा सावरून ते नीट तपासले. डावा हात परत पुसायला लावला. मग म्हणाल्या, "या." आत गेल्यावर त्यांच्या हातात बो देऊन "फुलवा" म्हणाल्या. पुढाऱ्यांना तो फुलवता आला नाही. पेपरातल्या फोटोत ते चेंगरलेला बो हातात धरून हसताना दिसतात, आणि शेजारी कवसाबाई, हसत नाहीत.

पण मला त्यांची खरी ताकद कळली ती टँकरच्या बाबतीत. टँकर कधी येईल ह्याचा नेम नसायचा. भोंगा वाजला की सगळ्या बायका सुई कापडात तशीच ठेवून पळायच्या. परत येईस्तोवर अर्धा दिवस गेलेला असायचा. कवसाबाईंनी तोड काढली. शेडमधल्या प्रत्येकीनं रिकामी प्लास्टिकची घागर सकाळीच टँकरच्या जागी रांगेत ठेवायची, आणि दोघी-तिघींनी आळीपाळीनं जाऊन सगळ्यांच्या भरायच्या. घागरी सगळ्या एकाच रंगाच्या, बाजारातून आणलेल्या. म्हणून ओळखायला नापास झालेले बो घागरींच्या गळ्याला बांधले. पाटील गल्लीला हिरवा, धनगरवाड्याला पिवळा, बौद्धवाड्याला लाल. तापलेल्या मातीत बो बांधलेल्या घागरींची ती रांग लग्नाच्या वऱ्हाडासारखी दिसायची.

चार दिवस बरे गेले. मग पाटील गल्लीतल्या भागीरथीकाकूंनी आपली हिरवी घागर रांगेतून काढून बाजूला ठेवली.

"काय झालं काकू?" मी विचारलं.

"काय न्हाई. लालवाल्याला चिकटून नको. आमच्या घरात देव हायेत."

हे कवसाबाईंच्या कानावर घालावं की नाही, ह्या विचारात मी होतो. पण त्यांच्या कानावर घालावं लागतच नसे. मला वाटलं, आता भांडण पेटणार. काकूंना उलट शब्द नाही, शेडमध्ये चर्चा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टँकरच्या जागी जाऊन पाहतो तर सगळ्या घागरींना लाल बो. हिरवा नाही, पिवळा नाही. घागरी एकसारख्या, बो एकसारखे, पाणी एकाच टँकरचं.

भागीरथीकाकू आल्या. रांगेवरून एकदा इकडून, एकदा तिकडून फिरल्या. "माझी कोणती ग कवसे?"

"समद्या तुमच्याच. घ्या कोणतीबी."

"अगं, पण माझी?"

"वळखा की काकू. देव हायेत न्हवं घरात, विचारा त्यान्ला."

बायका पदर तोंडाला लावून हसू दाबत होत्या. ऊन वाढत होतं. काकू बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हाताला आली ती घागर त्यांनी डोक्यावर घेतली आणि गेल्या. पुढं टँकर बंद होईपर्यंत घागरी तशाच राहिल्या. कवसाबाई ह्या विषयावर नंतर एक शब्द बोलल्या नाहीत. मी एकदा कौतुक करायला गेलो तर म्हणाल्या, "लाल कापड लई उरलं हुतं, भाऊ."

आता बादलीचं.

सगळ्यात मोठी खेप निघायची होती. त्या खेपेतले बो दुधाळ रंगाचे, पेट्यांत महिनाभर पडून सुरकुतलेले. तारेच्या बाजूनं कोरडी इस्त्री फिरवून, मग फुलवून ते भरायचे होते. अशात दिंद्रुडहून कवसाबाईंच्या लेकीच्या सासरचा निरोप आला. संगीताचं दुसरं बाळंतपण अडलं होतं. कवसाबाई उभ्या उभ्या निघाल्या. रस्त्यापर्यंत मी पोचवायला गेलो. गाडीत पाय ठेवताना वळून म्हणाल्या, "भाऊ, जिम्मा तुमचा. तारेला पाणी न्हाई. कोणीबी काईबी म्हणू."

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी वीज गेली ती आलीच नाही. कोळशाच्या इस्त्र्या मोजक्या. कोरड्या इस्त्रीनं सुरकुती हटेना. तिसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता. रुक्मिण आणि तिच्यासोबतच्या पोरी घामानं निथळत इस्त्र्या फिरवत होत्या आणि पेट्या काही भरत नव्हत्या. मी म्हणालो, "पाण्याचा हात फिरवा. सुरकुती पटकन बसेल."

पोरींचे हात थांबले.

"मावशी न्हाई म्हणल्यात," रुक्मिण म्हणाली.

"मावशी इथं नाहीत. मी आहे."

"पण भाऊ—"

"मी सचिव आहे का तू?"

हे वाक्य मी उच्चारलं. टँकरचं पाणी कपड्यावर शिंपडायला कोण देणार, म्हणून शाळेमागच्या बोअरवर गेलो, बादली भरली आणि त्या दारातून आत नेली. दारात हात बघायला त्या दिवशी कुणी नव्हतं. सुरकुत्या झटपट बसल्या. ट्रक वेळेवर गेला. मी माझ्यावर खूश होतो.

संगीता वाचली, बाळही वाचलं. कवसाबाई परत आल्या आणि पेढे वाटले. मी काही बोललो नाही. पोरीही बोलल्या नाहीत.

दसरा जवळ आला तेव्हा साहेब आले. जीपमधून त्यांनी एक पेटी उतरवली आणि शेडच्या मध्यभागी उपडी केली. दुधाळ कापडाच्या दोन्ही कडांनी तपकिरी रेघ. तारेचा जसा मार्ग, तशीच रेघ. एकही बो सुटला नव्हता.

"सगळ्या पेट्या अशाच," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "पाणी लागलंय. कुणी लावलं ते मला कळलं पाहिजे. ज्यांनी लावलं त्या बायका मला पुन्हा ह्या कामावर दिसायला नकोत. तरच पुढचा माल इथं येईल."

इस्त्री करणाऱ्या पोरी भिंतीला लागून उभ्या होत्या. दसरा झाला की ऊसतोडीचे ट्रक गावात येतात. ह्या कामामुळंच त्या वर्षी ह्या पोरींची नावं त्या ट्रकांत नव्हती. काम सुटलं तर कोयता. हे शेडमधल्या प्रत्येकीला ठाऊक होतं, मलाही होतं. रुक्मिणनं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं.

मी पेटीकडं पाहिलं.

माझी नेमणूक कायम झाली की सोयरीक पक्की, असं मुलीकडच्यांनी कळवलं होतं. पण त्या क्षणी एवढा सगळा हिशेब माझ्या डोक्यात आला, असं मी म्हणणार नाही. जीभ उचलली नाही, एवढंच खरं.

कवसाबाईंनी एक बो उचलला. रेघेवरून ते खाचेचं नख फिरवलं. पोरींकडं पाहिलं, रुक्मिण कुठं बघतेय ते पाहिलं, आणि मग तिच्या नजरेच्या वाटेनं माझ्यापर्यंत आल्या. तिथं थांबल्या.

"म्या सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या.

साहेबांना कळेना. "तुम्ही?"

"म्याच. लेकीकडं निघायच्या घाईत हुते. बो लई सुरकुतलेत, पाण्याचा हात फिरवा म्हणलं. पोरींनी माझं ऐकलं. त्येंचा काय दोष?"

"अहो, पण पाणी नको म्हणणाऱ्या तुम्हीच ना?"

"मग? माणूस चुकतं का न्हाई? मला काढा. पोरी ऱ्हातील."

ह्या बाईनं असं सांगणं शक्यच नाही, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. पण ती स्वतः सांगतेय म्हटल्यावर बोलणार कोण? साहेबांनाही एक डोकं हवं होतं, ते मिळालं; अध्यक्षपद सोडा, मशीनवर बसा, एवढ्यावर त्यांनी भागवलं. कवसाबाईंनी कमरेची शेडची किल्ली काढून मशीनवर ठेवली. शेडमधल्याच सरूबाई अध्यक्ष झाल्या. काम सुरू राहिलं, आणि पोरी ट्रकात गेल्या नाहीत. नंतर गावात हळूहळू तेच खरं धरलं गेलं की कवसाबाईंच्या चुकीनं खेप बुडाली. भागीरथीकाकू तर ते चवीनं सांगायच्या.

दुसऱ्या दिवशी त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. खरं सांगायचं तर मनातून मला तेच हवं होतं. सकाळी गेलो तर शेडच्या दारात सगळ्यांच्या आधी कवसाबाई, दोन्ही तळवे पुढं करून उभ्या. सरूबाईंचा चेहरा रडवेला.

"मावशी, तुमचे कशाला बघू?"

"बघ. आज मला सोडलंस तर उद्या कोणालाबी सोडशील."

सरूबाईंनी बघितले. कवसाबाई आत गेल्या आणि ओळीतल्या शेवटच्या मशीनवर बसल्या.

काही दिवसांनी, जेवणाच्या सुट्टीत त्या एकट्या दिसल्या तेव्हा मी त्यांच्याजवळ गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलो होतो. "मावशी," एवढंच बाहेर पडलं.

त्या सुईत दोरा ओवत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भाऊ, ते पाणी टँकरचं का बोअरचं?"

"बोअरचं."

"हां." दोरा ओवला गेला. "मला त्येच कळंना. टँकरचं असतं तर ठिपके पडले असते. ही अखंड रेघ पडली. खारं हुतं म्हणून." आणि मनातलं एक कोडं सुटल्यासारखा त्यांचा चेहरा मोकळा झाला. राग नव्हता. मी राग शोधत होतो, मला तो हवा होता.

"मावशी, माझं चुकलं."

आता त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला कशापायी सांगता? मला म्हाईत हाय. त्या पोरी रोज रडतेत. त्यान्ला वाटतंय, त्येंच्यापायी मावशीचं गेलं. मी गप ऱ्हावा म्हणलं म्हणून गप हायेत. सांगायचं तर समद्यांम्होरं सांगा. सभेत उभं ऱ्हाऊन."

"सांगतो."

"घाई न्हाई. पण सांगा." आणि पाय मशीनवर गेला.

त्या वर्षीची सभा झाली. मी इतिवृत्त वाचलं, आभार मानले, खाली बसलो. कवसाबाई मागच्या ओळीत होत्या. सभा संपल्यावर मला पाणी आणून दिलं आणि म्हणाल्या, "आवाज बसलाय तुमचा. घ्या." टोमणा होता की काळजी, हे मला त्यांच्याबाबतीत कधीच ओळखता आलं नाही. पुढच्या सभेआधी मला बीडला कायमची नोकरी लागली. लग्नही झालं. गाव सुटलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेवराईच्या स्टँडबाहेर. वडापची जीप भरत होती. मधल्या सीटवर कवसाबाई, मांडीवर भलंमोठं गाठोडं. केस पांढरे झाले होते, चष्म्याला मात्र नवी काडी आली होती. मला पाहून त्या सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडल्या, "भाऊ! या की! सरकते मी!" आणि खरंच सरकू लागल्या, शेजारच्या दोघांना ढकलून त्यांनी जागा केली. मला त्याच रस्त्यानं जायचं होतं. मी म्हणालो, "मला बीडला जायचंय, मावशी."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "बरं. जेवला का?"

"जेवलो."

जीप निघाली. ती वळणाआड जाईस्तोवर त्यांचा आवाज येत होता. माणसं कोंबतो म्हणून त्या ड्रायव्हरला झापत होत्या.

त्या गेल्याचं मला उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा संगीता घरी होती. तिनं चहा केला. शेड चालू आहे म्हणाली, रुक्मिण अध्यक्ष आहे. मग पदराशी चाळा करत म्हणाली, "आई तुमचं लई नाव काढायची. सचिव भाऊ, सचिव भाऊ." आणि थोड्या वेळानं, "एकच गोष्ट माझ्या मनाला लागून हाय, भाऊ. आईचं अध्यक्षपद माझ्यामुळं गेलं. माझ्या बाळंतपणाच्या काळजीत तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं, म्हणून ती पाणी लावा म्हणली. नाहीतर माझी आई असं बोलली असती का? मी तिला कितीदा विचारलं. ती नुसती हसायची."

मी चहा संपवला. कप खाली ठेवला. निघतो म्हणालो आणि निघालो.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं, असं मी समजत नाही. शेडमधल्या निम्म्या जणी वाचत नाहीत, आणि संगीताच्या हातात हे पडेल असंही नाही. पाणी मी आणलं, मी लावायला सांगितलं, आणि तिच्या आईनं पाणी लावा असं कधीच सांगितलं नव्हतं, हे संगीताला तिच्या समोर बसून सांगायचं माझ्याकडं राहिलंय. आणि तेच सोसायटीच्या सभेत, रुक्मिण अध्यक्षाच्या खुर्चीत असताना, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं राहिलंय.